उतारच आहे

डिसेंबर उजाडला की पुण्यात दोन गोष्टी खाली येतात : माळ्यावरची स्वेटरं आणि पारा. पैकी स्वेटरांना डांबरगोळ्यांचा वास येतो आणि पाऱ्याला अभिमानाचा. ‘तुमच्या शिवाजीनगरला साडेनऊ का? आमच्या पाषाणला आठ पॉइंट दोन!’ हे पाषाणचा माणूस अशा सुरात सांगतो, की मधले एक पॉइंट तीन त्यानेच रात्रभर जागून खाली ओढलेत. थंडीवरचा आमचा हक्क तसा जुना आहे. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं आणि लोक त्याला ‘सिमला ऑफिस’ म्हणू लागले. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, नाव आम्ही जाऊ दिलं नाही. आजही रिक्षावाल्याला ‘सिमला ऑफिस’ म्हटलं की तो बरोबर नेतो. म्हणजे मुळात न्यायला तयार असला तर.

अशाच एका आठ पॉइंट दोनच्या दिवशी माझ्या मेहुण्याने मला एका व्हॉट्सअॅप ग्रुपात घातलं. विचारलं नाही. विहिरीत ढकलताना तरी कोण विचारतं? ग्रुपचं नाव ‘अंधारबन विंटर’. पहिला मेसेज : ‘पिंपरी ते भिरा. साधारण १४ किमी. लेव्हल : इझी टू मॉडरेट. तीन लिटर पाणी, टॉर्च आणि जादा सॉक्स मस्ट.’ खाली एकवीस अंगठे. एका गृहस्थांनी लगेच लिहिलं, ‘मी डायरेक्ट पिंपरीलाच येतो. मोरवाडीत राहतो, मला जवळ पडेल.’ ही पिंपरी चिंचवडशेजारची नसून ताम्हिणीकडची, घाटमाथ्याच्या कडेची आहे, हे त्यांना समजावण्यात ग्रुपचे पहिले दोन दिवस गेले. पटलं तेव्हा त्यांनी ‘मग तसं स्पष्ट लिहायला हवं होतं’ असं लिहिलं, आणि ते खरे पुणेकर असल्याची सगळ्यांची खात्री पटली.

माझं वय छप्पन. ‘मी पूर्वी सिंहगड पाऊण तासात चढायचो’ हे वाक्य मी गेली वीस वर्षं म्हणतोय, आणि ते एका दमात म्हणण्यापुरताच दम आता शिल्लक आहे. म्हणून ट्रेक लीडरला फोन केला. लीडर तेवीस वर्षांचा. आवाजावरूनच पोट आत असल्याचं कळत होतं.

‘चढ कितपत आहे हो?’

‘काका, टेन्शनच घेऊ नका. चढ असा नाहीच. उतारच आहे.’

त्या ‘काका’चं मला जेवढं वाईट वाटलं, त्यापेक्षा त्या ‘उतारच आहे’चं बरं वाटलं. उतार म्हणजे फुकट, अशी आपली एक समजूत असते. घाटात उतार लागला की काटकसरी ड्रायव्हर गाडी न्यूट्रलला टाकतो आणि वाचलेल्या डिझेलचा हिशेब शेजाऱ्याला ऐकवतो. लहानपणी सायकलवर उतार आला की आम्ही पायडल सोडून दोन्ही पाय हवेत करायचो. वास्तविक मराठीच्या अंगाखांद्यावर वाढलेल्या माणसाला उताराविषयी इतका भाबडेपणा शोभत नाही. आपल्याकडे उतारवय असतं, आणि त्यात कुणी पाय हवेत करत नाही. मन लावून केलेलं वरण दुपारपर्यंत उतरतं. बातमी ऐकून तोंड उतरतं. माणूस मनातून उतरला तर पुन्हा वर चढत नाही. तलाठ्याकडे सातबाराचा उतारा काढायला गेलेल्याला विचारा, किती चढ असतो त्यात. कसोटीलासुद्धा उतरावंच लागतं. कसोटीला चढलेला माणूस मी पाहिलेला नाही. पण त्या क्षणी मला यातलं काही सुचलं नाही. मला फक्त सायकल दिसली.

‘तुम्ही जाऊन या,’ ही म्हणाली. पर्वतीपासून केदारनाथपर्यंत प्रत्येक चढणीच्या पायथ्याशी ही हे वाक्य म्हणत आलेली आहे आणि आजपर्यंत तिचं काहीही बिघडलेलं नाही. ‘मेडिकलमधून नी-कॅप मात्र घेऊन या. दोन्ही पायांना.’

‘अगं, उतारच आहे.’

‘म्हणूनच म्हणते.’

नी-कॅप आणल्या. करड्या रंगाच्या, मधोमध गुडघ्याच्या वाटीसाठी भोक ठेवलेल्या. घालून आरशासमोर उभा राहिलो तेव्हा दोन्ही गुडघे जरा आश्चर्याने बाहेर बघताहेत असं वाटलं.

रविवारी पहाटे साडेपाचला नळ स्टॉपला जमायचं होतं. साडेपाचला तिथे मी होतो, लीडर होता आणि एक कुत्रं होतं. सहापर्यंत बाकीचे आले. माणसं ओळखू येत नव्हती. प्रत्येकाने कानटोपी, मफलर, जाकीट असं काही ना काही इतकं चढवलं होतं की सख्खा मेहुणाही मला आवाजावरूनच सापडला. मी स्वतः आत थर्मल, त्यावर शर्ट, त्यावर हाताने विणलेलं स्वेटर, त्यावर जाकीट आणि वर माकडटोपी अशा बंदोबस्तात होतो. या थरांचा उल्लेख पुढे येणार आहे, म्हणून मोजून सांगितले.

बसमध्ये माझ्या शेजारी वीज मंडळातून निवृत्त झालेले एक इंजिनिअर आले. निवृत्त इंजिनिअर शेजारी बसला की खिडकीची गरज उरत नाही, बाहेरचं सगळं तो सांगतो. चांदणी चौक ओलांडेपर्यंत त्यांनी उड्डाणपुलाचे दोष सांगून संपवले होते. पौडला मिसळ झाली. ‘तर्री वेगळी द्या’ म्हणणारे आणि ‘तर्री आणखी द्या’ म्हणणारे असे दोन तट पडले. पुढे जंगलात पहिल्या दोन तासांत कोण कोण ‘तुम्ही व्हा पुढे, मी आलोच’ म्हणून झाडाआड गेलं, ते पाहता तट कसे पडले होते ते नीट आठवलं.

मुळशीच्या पाण्याकडेने बस जाऊ लागली तेव्हा उजाडत होतं. पाण्यावर धुकं असं अंथरलेलं, की खाली धरण आहे की दुधाची डेअरी, कळू नये. सगळे फोन खिडकीला लागले. इंजिनिअर मात्र गंभीर झाले. या पाण्याखाली गावं आहेत, म्हणाले. १९२१ साली इथल्या मावळ्यांनी जमिनी बुडू नयेत म्हणून सत्याग्रह केला होता. मुंबईच्या विजेसाठी धरण, आणि इथल्या भाताच्या खाचरांना जलसमाधी. पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ लोकांनी केलं ते याच लढ्यात. लढा हरला, धरण झालं. मुळा नदी मुळात पूर्वेची. पुण्यावरून, भीमेतून, कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायला निघालेली. तिचं पाणी इथं अडवलं, डोंगर पोखरून पश्चिमेला वळवलं आणि कड्यावरून नळांतून खाली भिऱ्याला सोडलं. तिथलं वीजघर १९२७ पासून चालू आहे.

‘उंचीचा फरक किती, सांगा बघू?’ त्यांनी मला शाळेतल्यासारखं विचारलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. ‘पाचशे मीटर! पाणी पाचशे मीटर खाली येतं. आणि आज आपणही तेवढंच उतरणार. फक्त पाणी नळातून जातं.’

पुढे दिवसभर मला त्या पाण्याचा हेवा वाटणार होता.

निवे गावावरून आत वळलं की पिंपरी. तिथे तळ्याकाठी उतरलो, नावं लिहून झाली आणि लीडरने गोल करून सूचना दिल्या. कचरा टाकायचा नाही, गाणी लावायची नाहीत, अत्तर-परफ्युम मारलेल्यांनी मागे राहावं, वाटेत आग्या मोहोळं आहेत. यावर परफ्युम मारलेले तिघे एकदम ‘मी नाही’ म्हणाले, वाऱ्याने ते खोटं पाडलं. शेवटी त्याने विचारलं, ‘कुणाला गुडघ्याचा, पाठीचा, बीपीचा त्रास?’ कुणी हात वर केला नाही. या प्रश्नाला मराठी माणूस दोनच ठिकाणी खरं उत्तर देतो, लग्नाच्या पंगतीत आणि एसटीत जागा धरताना.

आणि मग आम्ही आत शिरलो. आत म्हणजे खरंच आत. दार लोटून माजघरात जावं तसं. बाहेर लख्ख ऊन आणि दहा पावलांवर संध्याकाळ. अंजनी, जांभूळ, हिरडा, आंबा ही झाडं वर एकमेकांच्या खांद्यावर अशी रेलून उभी होती की उन्हाला खाली यायला फटी शोधाव्या लागत होत्या. जिथे सापडली तिथे ते रुपयाएवढं, आठ आण्याएवढं सुटं सांडलेलं. पावसाळ्यात या वाटेवर पुण्या-मुंबईचं इतकं पब्लिक येतं की बनात अंधार झाडांचा की माणसांचा हे कळत नाही. थंडीत मात्र वाट आपली असते. ओढ्यांचा आवाज बसलेला, नुसतं खाकरल्यासारखं पाणी. कारवी वाळून काड्या झालेली. सात वर्षांनी एकदा फुलायचं आणि मधली सहा वर्षं कुडाच्या भिंतींना काड्या पुरवायच्या, असा तिचा सरकारी खाक्या. झाडांवरून गारंबीचे वेल लोंबत होते, मनगटाएवढे जाड, आणि त्यांना हातभर लांबीच्या शेंगा. या एवढ्या शेंगेची आमटी किती होईल, अशी चर्चा मागून ऐकू आली. एका हाताला झाडी, दुसऱ्या हाताला मधूनच झाडांचा पडदा सरकायचा आणि कुंडलिकेची दरी दिसायची. दिसायची म्हणजे काय, समोरचा कडा दिसायचा, वरचं आभाळ दिसायचं, आणि मधल्या जागी पोटात काहीतरी हलायचं.

पहिल्या तासात माझं आणि उताराचं फार छान जमलं. मी पुढे होतो. मागे वळून ‘या, या’ म्हणत होतो. एकदा तर लीडरला ‘जरा स्लो जातोय का आपण?’ असंही विचारलं. जंगलात माणसाने आयुष्यभर पुरतील अशी जी वाक्यं बोलू नयेत, त्यातलं हे पहिलं.

जंगल शांत असतं हे पुस्तकात. आमच्यापुढे एक बाई मुलीच्या बारावीविषयी दुसऱ्या बाईंना सांगत होत्या. ती हकिकत पिंपरीला सुरू झाली तेव्हा मुलगी दहावीत होती. एकाने ड्रोन आणला होता. तो झाडांमुळे वर जाईना, तेव्हा त्याने तो पोराला कडेवर घ्यावं तसा चौदा किलोमीटर वागवला. फोनची रेंज गेल्याचं प्रत्येकाला वेगवेगळ्या वेळी कळलं आणि प्रत्येकाने ते इतरांना नवीन बातमी म्हणून सांगितलं.

तेवढ्यात वरून कुणीतरी खुळखुळा वाजवल्यासारखा आवाज आला. लीडरने हात वर केला. सगळे थांबले, बारावीसुद्धा थांबली. ‘शेकरू,’ तो कुजबुजला. महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे, हे आपण स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात वाचतो आणि तिथेच ठेवतो. इथे ते जांभळाच्या फांदीवर होतं. घरातल्या मांजरीएवढं, पाठ विटकरी-तपकिरी, पोट सायीच्या रंगाचं, आणि शेपूट अंगापेक्षा लांब. मागच्या दोन पायांनी फांदी धरून ते उलटं लटकलं होतं आणि मोकळ्या पुढच्या हातांत काहीतरी धरून, आम्हा बावीस माणसांकडे बघत निवांत खात होतं. खाऊन झाल्यावर हात झटकल्यासारखे केले आणि निघालं ते बुंध्यावरून सरळ खाली, डोकं पुढे करून! खारींना ही सोय आहे, मागच्या पायांचा घोटा मागे फिरवता येतो, म्हणून डोकं खाली करून उतरता येतं. दहा-बारा फूट तसं येऊन त्याने शेजारच्या झाडावर उडी टाकली. शेकरू वीस फुटांपर्यंत झेप घेतं आणि सहसा जमिनीला पाय लावत नाही.

‘घोटा फिरतो म्हणून,’ इंजिनिअर म्हणाले. ‘आपला फिरत नाही.’ ‘माझा मघाशी थोडा फिरला,’ मागून आवाज आला. ते मोरवाडीचे गृहस्थ होते. त्यांना क्रेप बँडेज बांधलं आणि पुढे निघालो. दगडावर पाय पडला नव्हता, असं ते भिऱ्यापर्यंत सांगत होते, दगडच त्यांच्या पायाखाली आला होता.

दोन तासांनी माझ्या उजव्या गुडघ्याने तोंड उघडलं. आधी नुसतं ‘अं’ केलं. मग प्रत्येक पायरीला बोलू लागला. याचं शास्त्र नंतर मी वाचलं. चढताना मांडीचे स्नायू आखडत काम करतात. उतरताना तेच स्नायू भार पेलत पेलत लांबतात, म्हणजे दोरीला घागर बांधून ती विहिरीत हळूहळू सोडावी तसं. घागर वर ओढताना धाप लागते, पण सोडताना हाताची सालटी निघतात. गुडघ्यावर त्या वेळी अंगाच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. आणि खरं दुखणं त्या दिवशी नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं. थोडक्यात, उतार फुकट नसतो, उधारीवर असतो.

हिरडी गावाशी पोचलो तेव्हा ऊन माथ्यावर आलं होतं. चार घरं, एक देऊळ, कोंबड्या आणि मोकळं पठार. एवढा वेळ अंधारात काढल्यावर ते ऊनसुद्धा पाहुण्यासारखं वाटलं. जाकीट केव्हाच कमरेला गेलं होतं. इथे स्वेटरही उतरवलं. एका घराच्या ओट्यावर बसलो. आतून सत्तरीच्या एक आजी ताकाचा तांब्या घेऊन आल्या, आणि तो माझ्या हातात द्यायच्या ऐवजी माझ्या गुडघ्याकडे बघत उभ्या राहिल्या. हाफ पँट घातलेली असल्याने दोन्ही नी-कॅप उघड्यावर होत्या.

‘ह्ये काय म्हनायचं?’

‘नी-कॅप. गुडघ्याला आधार असतो.’

‘फरक पडतो?’

खरं म्हणजे काही पडत नव्हता. पण आठवडाभर मीच त्यांची तारीफ करत आलो होतो. ‘थोडा पडतो.’

आजींनी तांब्या खाली ठेवला, माझ्यासमोर फतकल मारून बसल्या आणि माझ्या डाव्या गुडघ्याचं कापड दोन बोटांनी ओढून, सोडून पाहिलं. लवचिक आहे म्हणताना मान हलवली. ‘कितीला पडलं?’ मी सांगितलं. ‘येकाचं का दोनाचं?’ ‘जोडीचं.’ त्यावर त्यांनी स्वतःचं लुगडं किंचित वर घेऊन उजवा गुडघा दाखवला. सुजलेला होता, वर कसल्याशा पाल्याचा हिरवा लेप. ‘बाजाराला खाली जावं लागतं भिऱ्याला. चढाचं काय न्हाई बघा. चढाला धाप लागती, घडीभर बसलं की जाती. उतार लई वाईट. उतारानं धरलं की सोडत न्हाई.’

मी लीडरकडे पाहिलं. तो ताक पिण्यात फार रमल्यासारखा झाला.

मग आमची जी चर्चा रंगली ती त्या दिवसातली सगळ्यात चांगली. निरगुडीचा पाला, महानारायण तेल, गरम विटेचा शेक, पोटात घ्यायच्या गोळ्या, त्यांच्या गोळ्या आणि माझ्या गोळ्या. त्यांचा डॉक्टर ‘वजन कमी करा’ म्हणत नव्हता, कारण वजन नव्हतंच. माझा डॉक्टर दुसरं काही म्हणत नव्हता. जंगलात येऊन मी दिवसभरात पहिल्यांदा कुणाशी तरी मनापासून बोललो, आणि ते वाताविषयी. शेवटी मी उजव्या पायाची नी-कॅप काढली आणि त्यांना दिली. ‘अवो, तुमाला?’ ‘माझा डावा झाकलेला आहे ना.’ हे बोलताना फार उदार वाटलं. दुखणारा गुडघा उजवा होता हे नंतर लक्षात आलं. आजींनी ती तिथल्या तिथे चढवली, दोन पावलं टाकली, वाटीचं भोक नीट मधोमध आणलं. मग आत गेल्या आणि कारवीची नव्हे, चांगली बांबूची, धरून धरून गुळगुळीत झालेली एक काठी आणून माझ्या हातात दिली. ताकाचे पैसे मात्र मोजून घेतले, आणि सुटे माझ्याकडूनच मागितले.

हिरडीनंतर उताराने खरा दात दाखवला. वाट आता वाट नव्हती, दगडांचा ढीग तिरका करून ठेवला होता. इंजिनिअर मागून सह्याद्रीचा इतिहास सांगत होते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले, ते झिजून डोंगरांना पायऱ्या पडल्या, म्हणून या खडकाला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे, स्वीडिश भाषेत जिन्याला तसला शब्द आहे. मला सापळा हाच अर्थ जास्त पटत होता. जिना असेल तर बांधणाऱ्याने पायऱ्यांच्या उंचीचा काही विचारच केलेला नव्हता. एक पायरी चार इंच, पुढची चार फूट. आणि कठडा नावाची वस्तू साडेसहा कोटी वर्षांत कुणाला सुचली नाही.

मी आडवा उतरलो. तिरका उतरलो. बसून उतरलो, पँटचा त्या भागाचा रंग कायमचा बदलला. काठी पुढे टाकायची, तिच्यावर भार द्यायचा, मग डावा पाय, मग उजवा, मग ‘आई गं’. बारावीच्या बाई आता गप्प होत्या. तिथे मला उताराचा एकमेव फायदा दिसला. थंडी कुठल्या कुठे गेली होती. घाटमाथ्यावरची कोरडी हवा मागे राहिली आणि कोकणची दमट हवा तोंडावर ओल्या पंच्यासारखी बसली. शर्ट उतरला. सकाळी चढवलेले थर एकेका टप्प्यावर उतरवत मी थर्मलवर आलो, आणि थर्मल ही वस्तू काय असते हे कोकणाने मला समजावून सांगितलं. हेच भिरा, जिथे २८ मार्च २०१७ ला पारा ४६.५ अंशांवर गेल्याची नोंद झाली आणि हे गाव देशभरच्या बातम्यांत झळकलं. मी तिथे थर्मल घालून चाललो होतो. माकडटोपी सॅकच्या तळाशी होती. पाषाणच्या माणसाला फोन करावासा वाटला, पण रेंज नव्हती.

‘अजून किती?’ हा प्रश्न आता पंधरा मिनिटांनी एकदा होऊ लागला. लीडरचं उत्तर ठरलेलं, ‘झालंच काका, शेवटचा पॅच.’ असे शेवटचे पॅच मी सात मोजले. वाटेत डोक्यावर मोळी घेतलेला एक माणूस वर चढताना भेटला. त्याला विचारलं तर म्हणाला, ‘ह्ये काय, पानी दिसतंय की.’ पाणी खरंच दिसत होतं. अर्ध्या तासाने तेवढंच दिसत होतं. पुण्यात माणूस ‘निघालोच, पाच मिनिटांत पोचतो’ म्हणतो तेव्हा तो अंघोळीला जायचा असतो, हे माहीत असलेल्या माणसाने गावकऱ्यांच्या अंतराला नावं ठेवू नयेत.

साडेचारला खाली पोचलो. धरणाच्या पाण्याकाठी सपाट जमीन लागली तेव्हा पाय तिच्यावरही उतरल्यासारखेच पडत होते, ओळख पटायला दोन मिनिटं लागली. बस ताम्हिणी घाटातून वळसा घालून येऊन आमची वाट बघत उभी होती. ड्रायव्हर झोप काढून ताजातवाना झाला होता. आमच्या सगळ्यांत तेवढाच एक शहाणा.

इंजिनिअर समोर वीजघराच्या दिशेला हात करून उभे राहिले. मुळशीहून उतरलेलं पाणी इथे टर्बाइन फिरवतं, मग कुंडलिकेत जातं, आणि त्याच सोडलेल्या पाण्यावर पुढे कोलाडला लोक राफ्टिंग करतात. म्हणजे पाणी एकदाच उतरतं आणि दोनदा कामी येतं.

‘आणि आपण?’ मी बूट काढता काढता विचारलं.

त्यांनी खिशातून पेन काढलं. अशी माणसं ट्रेकलाही पेन घेऊन येतात. ‘वजन?’

‘अठ्ठ्याहत्तर.’ सकाळपेक्षा कमी झालं असेल असं वाटून मी दोन किलो कमीच सांगणार होतो, पण ही माणसं खोटं पकडतात.

‘अठ्ठ्याहत्तर गुणिले नऊ पॉइंट आठ गुणिले पाचशे...’ त्यांनी बिस्किटाच्या पुड्याच्या मागे आकडा मांडला. ‘तीन लाख ब्याऐंशी हजार ज्यूल. म्हणजे एक दशांश युनिट. दहा वॉटचा एलईडी लावला तर दहा तास जळेल. रात्रभर!’

दिवसभर दिवाळखोरीत निघालेल्या मला हे ऐकून बरं वाटलं. आपल्या उतरण्यात एका दिव्याची रात्र होती.

‘पण मग ती वीज गेली कुठे?’

‘गुडघ्यात,’ ते म्हणाले, आणि पेन खिशाला लावलं.

परतीच्या बसमध्ये भेंड्या झाल्या नाहीत. कोलाडच्या राफ्टिंगला पुढच्या रविवारी कोण कोण येणार, असं लीडरने विचारलं, त्यावर एकवीस माणसांनी झोपेचं सोंग घेतलं आणि मेहुण्याने हात वर केला. मोरवाडीच्या गृहस्थांना घरी कसं जायचं ते आधी ठरवावं लागलं, कारण बस नळ स्टॉपलाच येणार होती; ‘मी तेव्हाच म्हटलं होतं,’ ते म्हणाले. घरी पोचलो. आमची सोसायटी तीन मजली, लिफ्ट कधी नव्हती. चौपन्न पायऱ्या मी आश्चर्य वाटावं इतक्या सहज चढलो. धाप लागली, घडीभर थांबलो, गेली. हिने दार उघडलं, आधी काठीकडे पाहिलं आणि मग गुडघ्यांकडे.

‘एक कुठे गेली?’

‘हिरडीला.’

तिने जास्त विचारलं नाही. तेल गरम करायला गेली.

सोमवार ठीक गेला. म्हणजे रजा टाकली. मंगळवारी ऑफिसला निघालो आणि जिन्याच्या तोंडाशी येऊन उभा राहिलो. वरून चौपन्न पायऱ्या कधी इतक्या खोल दिसल्या नव्हत्या. उजवा पाय खाली टाकून पाहिला, त्याने साफ नकार दिला. डावा, नी-कॅपसकट, त्याच्याच बाजूने. शेवटी कठडा दोन्ही हातांनी धरला, तोंड घराकडे केलं आणि पाठमोरा, एकेक पायरी चाचपत निघालो.

दुसऱ्या मजल्यावर शेजारचे काका वर्तमानपत्र घ्यायला दारात आलेले. त्यांनी आधी माझी पाठ पाहिली, मग पाय, मग काठी.

‘अहो, हे काय? इतकं काय आहे त्या जिन्यात?’

‘काही नाही,’ मी म्हटलं. ‘उतारच आहे.’